ताऊरी भाषेच्या गरुडबाई

गरुडबाईंना राग आला की त्या 'अथूव' म्हणायच्या. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेचं झेरॉक्स मशीन बंद पडलं की 'अथूव मेलं'. शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला पर्यटकांनी बरोबर फाटकासमोर गाडी लावलेली दिसली की 'काय अथूव माणसं आहेत!'

मी तेव्हा लोणावळ्याच्या त्या शाळेत भूगोल शिकवायला नवीनच लागलो होतो. मला वाटलं, मावळातली एखादी ठेवणीतली शिवी असणार. घरी पाहुणे आलेले असताना ऐन वेळी गॅस संपला तेव्हा मीही एकदा म्हणून पाहिली. बरं वाटलं. मग एका मधल्या सुट्टीत धीर करून बाईंनाच विचारलं, "बाई, अथूव म्हणजे काय हो?"

बाईंनी डबा बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला. कुणी अर्थ विचारला की त्यांना असा दोन्ही हात मोकळे करून बसावंच लागायचं.

"धातू थूव. थूव म्हणजे झाकणं, पांघरूण घालणं. त्यापासून थूवा, म्हणजे गोधडी. थूवान म्हणजे पांघरूण घालणारी, म्हणून आई. आणि अथूव म्हणजे ज्याच्या अंगावर कुणी पांघरूण घालत नाही असा."

"म्हणजे अनाथ."

"छे! अनाथाला गावातलं कुणीतरी पांघरूण घालतंच. हा असा माणूस, की ज्याला पांघरूण घालावं असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही."

"पण हे कुठल्या भाषेत?"

"ताऊरी," बाई म्हणाल्या आणि डबा पुन्हा पुढे ओढला. "माझी आहे ती."

शेजारी बसलेले विज्ञानाचे सर वह्या तपासता तपासता म्हणाले, "ते सुरुवातीचं 'अ' मात्र संस्कृतमधून ढापलंय."

"ढापलं नाही, उसनं घेतलंय. शेजारी राहायचं म्हटल्यावर देवाणघेवाण होणारच की."

गरुडबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. बुटक्या, काटक, बाराही महिने सुती साडी आणि खाली बूट. लोणावळ्याच्या पावसात चपला टिकत नाहीत आणि साडीशिवाय बाईंना फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटत नसे, म्हणून ही तडजोड. तुंगार्लीच्या चढावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे पडवी. मोठमोठ्या बंगल्यांच्या मधे ते घर चुकून राहून गेल्यासारखं दिसायचं.

ताऊरी सुरू झाली ती त्यांच्या मुलीमुळे. मुक्ता लहान असताना बाई तिला रोज ढगात राहणाऱ्या एका राज्याची गोष्ट सांगायच्या. तिथली माणसं ढगातून कधी खाली उतरत नाहीत, तिथला राजा दर पावसाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, असं बरंच काही. एकदा मुक्तानं गोष्ट मधेच थांबवून विचारलं, "आई, ते कधी खाली येत नाहीत, तर त्यांना मराठी कसं येतं?" बाईंनी त्यावर रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी राजा ताऊरीत बोलायला लागला. पुढे मुक्ता मोठी झाली, इंजिनियर होऊन बंगळूरला गेली. बाई मात्र ढगातच राहिल्या.

त्यांचा एक नियम होता. शब्द करायचा नाही, उगवू द्यायचा. आधी धातू शोधायचा, मग त्याला फांद्या फुटू द्यायच्या, आणि मग तो शब्द हजार वर्षं लोकांच्या तोंडात फिरल्यावर कसा होईल ते पाहायचं. हजार वर्षं थांबणं शक्य नसल्यामुळे बाईंनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. तिला त्या 'झिजवणं' म्हणत. नवा शब्द घेऊन तो भराभरा म्हणत सुटायचं. मटार सोलताना, चढ चढताना, दाताखाली चिक्कीचा तुकडा धरून, थंडीनं जबडा वाजत असताना. जे अक्षर दमून गळून पडेल ते पडू द्यायचं. राजाला आधी 'थूवानेशर' म्हणत. शाळेपासून घरापर्यंतच्या चढावर तो 'थूनेश' झाला. "राजवाड्यातले लोक अजून पूर्ण म्हणतात," बाईंनी मला खुलासा केला होता, "पण भाजीवाल्यांना कुठे एवढा वेळ असतो?"

त्यांच्यासोबत चालताना लोक वळून बघायचे. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे.

मी त्यांना एकदा विचारलं होतं की ताऊरीत छत्रीला काय म्हणतात. त्यांनी माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं! "अहो, ती माणसं ढगाच्या आत राहतात. छत्री धरणार कुठे आणि कशासाठी?"

या सगळ्याला घरात एकच टीकाकार होता, दत्ताभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान. देहूरोडच्या लष्करी डेपोत सामानाच्या कोठारावर देखरेख करण्यात त्यांची सारी हयात गेलेली. उंच, करड्या मिशांचे, आणि निवृत्तीनंतरही बोलणं कोठारातलंच. संध्याकाळी बाई घरी आल्या की विचारायचे, "काय, आज किती नग तयार?" बाईंनी दोन शब्द सांगितले की म्हणायचे, "मागणी कुणाची नाही आणि उत्पादन चालूच. आमच्या साहेबांनी कधीच बंद पाडलं असतं." मला म्हणायचे, "सर, जगात ही एकच भाषा असेल जिच्यात बाईमाणूस एकटंच बोलतं आणि तरी भांडण जिंकत नाही." बाई हसायच्या. पण दत्ताभाऊंनी एक शब्द कधी शिकून घेतला नाही, ही सल त्यांच्या मनात होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही. तरी नवा शब्द सांगताना त्या आधी दत्ताभाऊंच्या तोंडाकडे बघत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग एके वर्षी ताऊरीला चक्क मागणी आली. तुंगार्लीतल्या एका बंगल्यात मुंबईचा एक तरुण निर्माता उतरला होता. त्याला जुन्या काल्पनिक राज्यांवर वेब सिरीज काढायची होती. कुणीतरी त्याला बाईंबद्दल सांगितलं. तो पडवीत येऊन बसला, डोक्यावर गॉगल, हातात कॉफीचा ग्लास.

"मॅडम, हिरोच्या लोकांची लँग्वेज सॉफ्ट पाहिजे. आणि व्हिलनची एकदम हार्श. ख, घ, ढ असलं भरपूर."

"दुष्टांच्या घरी बाळं असतात का?" बाईंनी विचारलं.

"हो, म्हणजे... असतील."

"मग ती रडायला लागली की त्यांच्या आया काय ख, घ, ढ करतात?"

"तो सीन नाहीये मॅडम."

"सीन नसला म्हणून बाळं रडायची थांबतात का?"

निर्माता भला होता. त्यानं हात जोडले. शेवटी दोन्ही बाजूंनी ताऊरीच बोलायची असं ठरलं, फक्त दुष्टांनी जरा मोठ्यानं. चित्रीकरण पवना धरणाच्या बाजूला एका माळावर होतं आणि बाईंना उच्चार तपासायला बोलावलं होतं. सुट्टी होती म्हणून त्या मलाही घेऊन गेल्या.

खलनायक होता नाटकातला एक धिप्पाड नट. त्याला कैद्याकडे बोट दाखवून गरजायचं होतं, "झोना!" झोन म्हणजे कापणं. नटानं सकाळपासून तो शब्द पाठ केला होता. कॅमेरा सुरू झाला, वारा सुटला, त्याचा झगा फडफडला आणि तो असा गरजला की माळावरच्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. "थूवा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. बाई मात्र तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. "अहो, त्यानं कैद्याला गोधडी घालायला सांगितली!"

दिग्दर्शक म्हणाला, असा शॉट पुन्हा मिळणार नाही, शब्द हाच ठेवू. बाईंनी थोडा वेळ मागून घेतला. माळावर एक लांब फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "ठेवा. त्या लोकांत मारण्याआधी कैद्याच्या अंगावर गोधडी टाकायची पद्धत आहे. त्यामुळे 'गोधडी' म्हटलं की 'संपवा' असंच समजतात. आपण नाही का, मेला म्हणवत नाही म्हणून 'गेला' म्हणत?"

नट खूश, दिग्दर्शक खूश. परतताना कामशेतपर्यंत बाई 'थूवा, थूवान' असं पुटपुटत होत्या. मग म्हणाल्या, "सर, एक वाईट झालं. 'थूव'मधून आई आली होती. आता त्याच धातूत मरण येऊन बसलं." पुढचे कितीतरी दिवस त्या अस्वस्थ होत्या. ती सिरीज अजून कुठे दिसलेली नाही. बाईंच्या भाषेत मात्र तो अपघात कायमचा राहिला, कारण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा नाही, असं त्यांचं मत होतं.

हे मत त्यांनी फक्त एकदा सोडलं, ते भावासाठी. टाकवे बुद्रुकला त्यांचं माहेर. भाऊ बाळासाहेब तिथली भातशेती बघायचे. त्यांना नात झाली, तेव्हा बारशाला बाई आम्हा दोघातिघा शिक्षकांना घेऊन गेल्या होत्या. पाळण्याजवळ बाळासाहेब म्हणाले, "ताई, तुज्या त्या ढगातल्या भाषेतलं येक नाव दे की पोरीला. हितं समद्या पोरींची तीच ती नावं झाल्यात."

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "लिवा ठेव."

"लिवा. चांगलं हाय. अर्थ काय म्हनं?"

"धातू लिव. थांबणं, ताटकळणं. लिवा म्हणजे धुकं, आणि लिवा म्हणजे पाहुणीसुद्धा. दोघीही कधी जाणार ते सांगत नाहीत."

बाळासाहेबांचा हात पाळण्याच्या दोरीवर थांबला. "पाव्हनी? अगं, पोर जल्मली न्हाई तवर तिला पाव्हनी म्हनायचं व्हय? तुला आन् मला सारखंच जेवू घातलं आईनं, पर तुला येक दिस जायाचंय हे रोज सांगितलं. माज्या नातीला कुनी पाव्हनी म्हनायचं न्हाई."

  बाई उठून मागच्या अंगणात गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मी मागोमाग गेलो तर त्या भाताच्या पेंढ्यापाशी उभ्या राहून ओठ हलवत होत्या. परत आल्या, पाळण्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळ्या, माझी चूक झाली. लिव हे धातू दोन आहेत. दिसायला सारखे, पण वेगळे. एक ताटकळण्याचा. दुसरा मुळं धरण्याचा. हिचं नाव त्या दुसऱ्यातलं. लिवा, म्हणजे मुळं धरून राहिलेली. ही कुठे जाणार नाही."

"आसं म्हन की मग!" बाळासाहेबांनी दोरी ओढली. "लय ग्वाड नाव हाय."

ती लिवा आता टाकव्याच्या शाळेत जाते.

बाई निवृत्त व्हायला थोडे महिने राहिले असताना एका सकाळी दत्ताभाऊ चहाचा कप हातात घेऊन काहीतरी बोलायला गेले आणि शब्दच आले नाहीत. पक्षाघाताचा झटका होता. तळेगावला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू हलायला लागले. बोलणं मात्र गेलं. म्हणजे आवाज होता, समजतही सगळं होतं, पण शब्द मागायला गेलं की भलतंच काहीतरी हाती यायचं. कोठारातली एक एक वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसाची अशी गत झाली होती.

त्यांना घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. थंडीचे दिवस. मुक्ता बंगळूरहून आली होती. दत्ताभाऊ आतल्या खोलीत खुर्चीवर होते. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत ओळख दिसली. मग मुक्ताकडे बघून ते म्हणाले, "गोर्मा."

मुक्तानं पाणी आणलं. त्यांनी मान हलवली. "गोर्मा!" तिनं शाल आणली, टीव्हीचा रिमोट दिला, वर्तमानपत्र दिलं. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मुक्ता रडायला लागली.

बाई ओल्या हातानं स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी दत्ताभाऊंना काहीच विचारलं नाही. मुक्ताला म्हणाल्या, "काल 'गोर' कशाला म्हणाले होते?"

"अंघोळीच्या पाण्याला. मी गार पाणी मिसळलं तर केवढे चिडले!"

"आणि सकाळी चहाला 'गोरी'."

बाई उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. 'गोर, गोरी, गोर्मा' असं पुटपुटत त्यांनी दाराबाहेर पाहिलं. पडवीत नुकतंच ऊन आलं होतं. त्या दत्ताभाऊंसमोर गुडघ्यांवर बसल्या. "ऊन का हो? उन्हात बसायचंय?"

दत्ताभाऊंनी तोंड वळवलं.  डोळे मिटले आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहायला लागलं.

आम्ही तिघांनी मिळून खुर्ची पडवीत नेली. ते उन्हात टेकून बसले, तोच बाई माझ्याकडे वळल्या. "गोर म्हणजे ऊब. आणि शेवटचं 'मा' म्हणजे मोठं असणार. गोर्मा, मोठी ऊब!"

"आई, आत्ता नको ना," मुक्ता नाक पुसत म्हणाली.

"आत्ताच," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाई नवऱ्याची भाषा शिकायला बसल्या. आयुष्यभर स्वतः धातू लावले, आता दुसऱ्यानं लावलेले शोधायचे होते. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती काळजीनं म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्या चुकीच्या शब्दाला हो म्हणालात तर तोच पक्का होईल." बाई म्हणाल्या, "आणि मी नाही म्हणाले तर ते बोलायचेच थांबतील. परवा दिवसभर गप्प होते." शेवटी दोघींनी वाटणी केली. सकाळी मराठीचे व्यायाम, संध्याकाळी दत्ताभाऊ म्हणतील ती भाषा. बाईंनी तिला नावही दिलं होतं, देहूरोडी. ताऊरी बोलणारी एक टोळी ढगातून खाली उतरून देहूरोडला स्थायिक झाली, अशी तिची कथा.

सगळंच काही जुळत नव्हतं. दत्ताभाऊ मांजराला 'गोर' म्हणाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मांजर उबदार असतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टमनला 'गोर' म्हटलं.

"आता?" मी विचारलं.

"आता माझा सिद्धान्त बुडाला," बाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की दत्ताभाऊही वाकड्या ओठांनी हसायला लागले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. बाई त्यांच्याशी त्यांच्याच शब्दांत बोलायच्या, ते चुकलं की दत्ताभाऊ मान हलवून दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी मी फाटकातून आत येत होतो, तर पडवीत दोघांचं जोरात काहीतरी चाललं होतं. एक शब्द मला कळला नाही. पण भांडण कढीपत्ता घालण्यावरून होतं हे नक्की.

पहिला मराठी शब्द परत आला तो जेवताना. आमटीचा घास घेऊन दत्ताभाऊ म्हणाले, "मीठ." बाईंनी वाटी तशीच ठेवून सगळ्यांना फोन केले. मलाही आला. "मीठ म्हणाले हो! आणि खरंच नव्हतं!" मग हळूहळू दार, पाणी, औषध असे शब्द परतले. त्यानंतर क्रियापदं आली. वर्षभरात दत्ताभाऊ सावकाश का होईना, पुरी वाक्यं बोलायला लागले.

त्याच सुमाराला एकदा मी गेलो, तेव्हा बाई पडवीत एकट्याच गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी मी यांना विचारलं, गोर्मा का? तर म्हणतात, 'म्हणजे काय?'"

"विसरले?"

"सगळं. एकही शब्द आठवत नाही. बोलीला दोन भाषिक होते, त्यातला एक गेला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण सुखरूप मराठीत गेला हो. मला दुसरं काय हवं होतं?" आणि मग गवारीचं टोपलं माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "बसलाच आहात तर मोडायला लागा."

माझी बदली नगरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुंगार्लीच्या तळ्याकडे सहज चक्कर मारायला गेलो, तर समोरून दोघं येत होते. दत्ताभाऊंच्या हातात काठी, उजवा पाय किंचित ओढत. मी त्यांच्याशी बोलत असताना एक गाडी थांबली आणि चालवणाऱ्यानं तळ्याचा रस्ता विचारला. दत्ताभाऊ काठी टेकून ताठ उभे राहिले. "सरळ जा. मग डावीकडे. पुढे गाडी लावायला जागा नाही. इथेच लावा आणि चालत जा." एक एक शब्द तोलून, पण स्वच्छ. गाडी गेली. त्यांनी अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

मग ते बाईंकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ऊमे."

तो शब्द मी कधीच ऐकला नव्हता. तो ताऊरीतला नव्हता, देहूरोडीतला नव्हता, बाईंचं नावही नव्हतं, आणि दत्ताभाऊंचा शब्द चुकल्यासारखा वाटतही नव्हता. बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी दत्ताभाऊंकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांच्या कानटोपीचा दुमडलेला काठ नीट केला.

"बाई, हा कुठल्या धातूचा?" मी विचारलं.

"कळलाय मला," बाई म्हणाल्या. "पण सांगणार नाही."

नगरला पोचलात की फोन करा, असं म्हणून त्यांनी दत्ताभाऊंचा हात धरला. दोघं चढाला लागले. वळणापर्यंत ते काहीतरी बोलत होते. बाई हातवारे करत होत्या, दत्ताभाऊ थांबून थांबून उत्तर देत होते. कुठल्या भाषेत, ते मला तिथून ऐकू आलं नाही.